टाच, तळवा आणि परक्याचा जोडा

इंग्रज १९४७ साली हा देश सोडून गेला. पण जाताना आपले पाय मात्र तो इथेच विसरून गेला. म्हणजे असे, की त्याची कोर्टे राहिली, आगगाड्या राहिल्या, क्रिकेट राहिले, आणि त्यांच्या मागोमाग त्याच्या भाषेतली पावले, तळवे आणि टाचाही आपल्या क्रमिक पुस्तकांत मुक्काम ठोकून राहिल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतरपाठमाला पुढे ठेवून या परक्या पायांची घोकंपट्टी केली. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. अर्थ पाठ झाला की मास्तरही खूश आणि पोरगाही मोकळा. त्या वाक्प्रचारात उभा असलेला माणूस कोण, त्याच्या पायांत काय आहे आणि तो कुठल्या जमिनीवर उभा आहे, हे विचारायला सवड कुणाला होती?

आमच्या वर्ध्याकडे त्या काळच्या बहुतेक पोरांच्या पायांत काहीच नसे. नागपूरपासून वेगळा काढून १८६२ साली केलेला हा जिल्हा कापसाचा आणि काळ्या मातीचा. पावसाळ्यात ही माती वहाणेला अशी चिकटते, की दहा पावलांत एकेक वहाण शेर-दोन शेरांची होते. मग शहाणा माणूस वहाणा काढून हातात घेतो आणि अनवाणी चालू लागतो. अशा मुलखातल्या मुलाने 'डाऊन ॲट हील' म्हणजे गरिबीने गांजलेला, असे पाठ करायचे! त्याचा शब्दशः अर्थ, ज्याच्या बुटाची टाच झिजून गेली आहे असा. पण इथे बूटच नव्हता, तर त्याची टाच झिजणार कुठून? ज्याच्यापाशी झिजवायला बूट आहे तो आमच्याकडे गरीब नव्हे, तालेवारच समजला गेला असता.

इथेच सगळी गोम आहे. इंग्रजी भाषेतली टाच ही पुष्कळदा कातड्याची आणि खिळ्यांची टाच असते. ती बुटाला ठोकलेली असते. आपल्या वहाणेला अशी निराळी उंच टाच नव्हती, त्यामुळे मराठी म्हणींतली टाच ही सरळ सरळ माणसाच्या हाडामांसाची टाच आहे. तिला भेगा पडतात, तिच्यात काटा मोडतो, ती दुखते. 'टाचा घासणे' असे आपण म्हणतो तेव्हा अंथरुणाला खिळून, कुणी विचारीत नाही अशा अवस्थेत तळमळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. झिजलेल्या बुटाची इतकी कीव येत नाही.

आणखी एक घोळ आधीच निस्तरून घ्यावा. आपला 'पाय' हा मोठा ऐसपैस शब्द आहे. कमरेखालून निघून बोटांच्या टोकापर्यंत जे काही आहे ते सगळे त्यात मावते. इंग्रजाने त्याचे दोन तुकडे केले, वरचा 'लेग' आणि खालचा 'फूट'. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याची हमखास फसगत होते. 'पुलिंग द लेग' म्हणजे चेष्टा करणे, गंमत करणे. आणि 'पाय ओढणे' म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे. शब्दाला शब्द तंतोतंत जुळतो आणि अर्थ पार दुसऱ्या गावाला जातो. साहेबाने खेळीमेळीत म्हटलेले वाक्य मराठीत जसेच्या तसे आणले, तर त्यावरून भाऊबंदकी सुरू व्हायची.

इंग्रजी टाचांपैकी सर्वांत गमतीची टाच प्रेमिकांच्या वाट्याला आली आहे. प्रेमात पार वेडा झालेला माणूस 'हेड ओव्हर हील्स' होतो. आता वाचकांनीच मनात आणून पाहावे: डोके वर आणि टाचा खाली, हीच तर माणसाची रोजची अवस्था! त्यात वेड कसले? खरी हकिगत अशी, की मुळात हा प्रयोग उलट होता. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज 'हील्स ओव्हर हेड' म्हणे, म्हणजे टाचा वर आणि डोके खाली. आपल्या भाषेत कोलांटी. अठराव्या शतकात कधीतरी शब्दांनीच कोलांटी मारली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात प्रेमाने ती उचलली. चुकीचा प्रयोग रूढ झाला की तोच शुद्ध, हा भाषेचा कायदा सगळ्या देशांत सारखाच. आपण प्रेमात आकंठ बुडतो. कोलांटी मारण्यापेक्षा ते जास्त धोक्याचे खरे, पण निदान त्यात माणसाची शोभा राहते.

'वेल-हील्ड' म्हणजे पैसेवाला. हा प्रयोग अमेरिकेतून आला, आणि त्याच्या मुळाशी झुंजीचे कोंबडे असल्याचे समजतात. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पोलादी नखी बांधीत, त्याला 'हील करणे' म्हणत. मग ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे तो माणूस 'हील्ड' झाला, आणि शेवटी ज्याच्या खिशात नोटा आहेत तो. नखी, पिस्तूल आणि नोटा एकाच माळेत ओवणारी ही भाषा अमेरिकेचा अर्धा इतिहास सांगून जाते. 'ब्रिंग टु हील' म्हणजे वठणीवर आणणे; त्यात तर सरळ कुत्रा आहे. शिकवलेले कुत्रे धन्याच्या टाचेमागे चालते, धनी थांबला की थांबते. राज्यकर्त्यांनी बंडखोर प्रजेसाठी हा प्रयोग वापरला तेव्हा त्यांच्या मनात कोणते चित्र होते, ते उघडच आहे.

मराठी टाच तेवढी दिमाखाची नाही, पण तिच्यातही घोडा आहे. मराठा स्वार घोड्याला टाच देई, आणि आजही एखाद्याला कामाला जुंपायचे असले की 'टाच मारल्याशिवाय हलणार नाही' असे आपण म्हणतो. पळून जाण्याच्या बाबतीत मात्र मराठीने इंग्रजीवर सपशेल मात केली आहे. इंग्रज संकट पाहून 'टेक्स टु हिज हील्स', म्हणजे टाचांचा आश्रय घेतो. आपला गडी ढुंगणाला पाय लावून पळतो. ज्याने कुणाला जिवाच्या आकांताने पळताना मागून पाहिले आहे, त्याला या वाक्प्रचारातली नजर किती अचूक आहे ते कळेल. टाच खरोखरच तिथे जाऊन लागते. दिवाळीच्या अंकात हा शब्द आल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. तो आपल्या बापजाद्यांचाच आहे. आणि कानाला तशीच लागणारी दुसरी एक 'टाच' आमच्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे: कर्ज थकले की घरादारावर येते ती, जप्तीची. तिच्यापुढून पळताही येत नाही.

ताटकळण्याचेही पाहा. बड्या माणसाच्या दारी बसवून ठेवलेला इंग्रज 'कूल्स हिज हील्स', आपल्या टाचा थंड करीत बसतो. चालून तापलेले पाय बसल्या बसल्या निवतात, एवढाच मुळातला अर्थ. त्यात कंटाळा आणि अपमान मागाहून शिरला. आपला माणूस त्याच दारी जोडे झिजवतो, खेटे घालतो, उंबरठे झिजवतो. म्हणजे साहेबाला निदान बसायला खुर्ची मिळत होती, आपल्याला 'उद्या या' एवढेच मिळत होते. कचेऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी ठेवावेत.

टाचा थंड करण्याचा हा प्रयोग आमच्या जिल्ह्यात एकदा अगदी अक्षरशः घडला. १९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार गांधीजींना भेटायला सेवाग्रामला आठवडाभर येऊन राहिला. वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळले. शेवटी त्याने एक युक्ती काढली. पत्र्याच्या टबात पाणी भरले, त्यात लाकडी खोके ठेवून त्यावर तो बसला, समोर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवला, आणि असा पाण्यात बसून तो गांधीजींशी झालेल्या बोलण्याची टिपणे बडवू लागला. 'छोडो भारत'चा ठराव दोन महिन्यांवर आला होता. साम्राज्याला निरोप देण्याची भाषा कुटीत चालली होती, आणि तिची नोंद घेणारा पाण्यात बसून निवत होता.

याच उन्हाळ्यामुळे 'कोल्ड फीट' हा प्रयोग आमच्याकडे कधी रुजेल असे वाटत नाही. ऐन वेळी धीर सुटणे, असा त्याचा अर्थ; तोही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतला आणि अमेरिकेतलाच. थंड मुलखात पाय गारठणे हे मरणाचे लक्षण. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या वर्ध्यात पाय थंड होणे ही देवाची कृपा! आमचे पाय भीतीने लटपटतात, गळून जातात, पायाखालची वाळू सरकते. आणि राग आला की तळपायाची आग मस्तकाला जाते. हा शेवटचा वाक्प्रचार वैशाखातल्या दुपारी अनवाणी शेतातून घरी आलेल्या माणसानेच बोलून दाखवला असला पाहिजे. तसेच 'आगीतून फुफाट्यात'. इंग्रज त्या जागी तव्यातून विस्तवात पडतो, म्हणजे त्याच्या मनात स्वयंपाकघरातला मासा असावा. आपल्या म्हणीत पायाचे नावसुद्धा नाही, तरी ती पायाचीच म्हण आहे. तापलेल्या धुळीत ज्याचे पाऊल कधी रुतले नाही त्याला ती कळायची नाही.

स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करून घेणारा इंग्रज अलीकडे आपल्याच पायावर गोळी झाडून घेतो. पहिल्या महायुद्धात खंदकातून सुटका व्हावी म्हणून काही शिपायांनी खरोखरच तसे केले होते. पुढे त्यातला हेतू गळून नुसता वेंधळेपणा उरला. आपल्याकडे त्याच कामाला धोंडा पुरतो, नाही तर कुऱ्हाड. शेतकऱ्याच्या हातात जे असते तेच त्याच्या म्हणीत असते. आणि म्हाताऱ्या इंग्रजाचा एक पाय थडग्यात असतो, तर आपल्या म्हाताऱ्याच्या गोवऱ्या मसणात गेलेल्या असतात. मरणसुद्धा ज्याचे त्याने आपापल्या रिवाजाने म्हणीत बसवले आहे. बिल चुकते करण्याला 'फूट द बिल' म्हणतात, तो केवळ हिशेबाच्या तळाशी बेरीज मांडण्याचा प्रकार. त्यात पाय शोधू नये.

आता जरा अवघड जागी येऊ. इंग्रजाच्या लेखी पाय हा शरीराचा एक खालचा अवयव. आपल्याकडे तो पूज्यही आहे आणि हीनही आहे, आणि दोन्ही एकाच दमात आहे. भलतेच बोलून बसणाऱ्या माणसाने 'आपला पाय तोंडात घातला' असे इंग्रज म्हणतो, आणि हसतो. हेच चित्र मराठी आजीपुढे ठेवा. तिला त्यात वेंधळा साहेब दिसणार नाही. तिला वडाच्या पानावर पहुडलेला, पायाचा अंगठा तोंडात घातलेला बालमुकुंद दिसेल, आणि ती हात जोडील! एकाचा मूर्ख तो दुसऱ्याचा देव. पाठ्यपुस्तकाच्या उजव्या बाजूच्या अर्थाला ही गोष्ट कधीच सांगता आली नाही.

'फीट ऑफ क्ले' हा प्रयोग तर आपण उचलूनच घेतला आहे. थोर माणसाचे पाय मातीचेच निघाले, असे आता मराठी चरित्रकारही बेधडक लिहितात. हे पाय बायबलातले आहेत. दानिएलाच्या पुस्तकात बाबिलोनच्या राजाला पडलेल्या स्वप्नातला पुतळा सोन्याच्या डोक्याचा असतो, आणि त्याची पावले लोखंड आणि माती मिसळून केलेली असतात. पण काळ्या मातीवर जगणाऱ्या माणसाच्या तोंडी हा वाक्प्रचार जरा विचित्रच वाटतो. ज्याचे पाय मातीत आहेत त्याची आपण स्तुती करतो.

अकिलीसची टाचही वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आली. थेटिसने पोराला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीत बुडवले, तेव्हा धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, आणि तिथेच पुढे बाण लागला. होमरच्या काव्यात ही बुडवण्याची गोष्ट नाही, ती पुष्कळ शतकांनी रोमन कवी स्टॅटियसच्या काव्यात येते. आपल्याकडे पायाला लागलेल्या बाणाची कथा आहे ती श्रीकृष्णाची. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली टेकलेल्या कृष्णाचे पाऊल हरणासारखे दिसले म्हणून बाण सोडला. पण आपल्या भाषेने त्यावरून दुबळ्या जागेचा वाक्प्रचार केला नाही. ग्रीकांच्या वीराची टाच हे त्याचे मर्मस्थान ठरले. आपल्या देवाचा तळवा शेवटपर्यंत चरणकमलच राहिला, आणि व्याधालाही क्षमा मिळाली.

चार दिवसांपूर्वी याच चरणांची आठवण घराघरांतून उमटली असेल. लक्ष्मीपूजनाला उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढतात, ती बोटे आत करून. कारण ती यायची असतात, जायची नसतात. नवी सून माप ओलांडून येते तीही लक्ष्मीच्याच पावलांनी. इथवर सारे गोड आहे. पण याच कल्पनेतून 'पायगुण' निघाला, आणि त्याने किती सुनांचा जन्म जाळला त्याची गणती कोशात सापडायची नाही. सून घरात आली आणि म्हैस मेली, की दोष म्हशीच्या आजाराचा नव्हे, सुनेच्या पायाचा! 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हणही तशीच. ती बायकोला उद्देशून म्हटली गेली, आणि खालच्या मानलेल्या जातींना उद्देशूनही. म्हण जुनी असली म्हणजे तिला ओवाळून घरात घ्यावे असे मला वाटत नाही.

पुरुषसूक्तात चौथा वर्ण पायांपासून झाला असे सांगितले आहे; तेव्हापासून पायाशी असणे म्हणजे खालचे असणे हे पक्के झाले. 'पायरी ओळखून राहावे' ही शिकवण त्याच घरातली. याला मराठीतूनच जे उत्तर मिळाले ते वारकऱ्यांचे. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून तिथून पालखी पायी पंढरपूरला जाते. त्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आधी कुणी पडायचे हा प्रश्न नसतो. पंढरपूरला पोचल्यावर महाद्वारी जी पायरी लागते ती नामदेवाची, आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी. ज्याला आत पाऊल टाकू दिले नाही, त्याच्यापुढे आज आत जाणारे आधी वाकतात. हा सूड आहे की पश्चात्ताप, ज्याने त्याने ठरवावे. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले केले. त्या दिवशी वर्ध्यापुरती तरी 'पायरी' या शब्दाची एक बाजू बदलली.

वहाणेचा मान आणि अपमान हा केवळ आपल्या घरातला मामला नव्हता. इंग्रजानेही त्यात हात घातला. साहेबापुढे जाताना देशी माणसाने जोडे बाहेर काढावेत असा रिवाज कंपनी सरकारने एतद्देशीय दरबारांकडून उचलला आणि तो कसोशीने पाळून घेतला. पुढे १८५४ साली आणि मग १८६८ साली ठराव होऊन सवलत मिळाली, पण कुणाला? ज्यांच्या पायांत युरोपीय धाटणीचे बूट-मोजे असतील त्यांना. देशी जोडा घालणाऱ्याने तो उतरवायचाच. म्हणजे माणूस तोच, पाय तोच, सलामही तोच. कातडे कसे शिवले आहे त्यावर अब्रू! आपल्याकडच्या नव्या शिकलेल्यांनी बूट का धरला, याचे एक कारण या ठरावांत आहे. सारेच काही फॅशनचे वेड नव्हते.

आणि देशी जोड्यानेही एकदा आपली अब्रू भलत्याच रीतीने वसूल केली. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन व्हायचे होते आमच्या नागपूरला. जहाल-मवाळांचा तंटा पाहून ते सुरतेला हलवले. तिथे २७ डिसेंबरला भर मंडपात व्यासपीठावर एक भरभक्कम मराठी जोडा येऊन पडला, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही त्याचा प्रसाद मिळाला. 'जोडे मारणे' हा वाक्प्रचार इतक्या मोठ्या सभेत इतक्या शब्दशः वापरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. काँग्रेस फुटली ती तिथेच.

गांधीजी मात्र जोडा मारणाऱ्यांतले नव्हते, जोडा शिवणाऱ्यांतले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर ते चपला शिवायला शिकले. त्यांचा मित्र कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन ही विद्या शिकून आला आणि त्याने ती इतरांना दिली. वकिलाने, तोही वैश्य कुळातल्या, कातडे हातात धरून दाभण चालवायचे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तिथल्या तुरुंगात असताना त्यांनी एक जोड शिवला, आणि सुटल्यावर तो भेट दिला, तो ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात घातले त्या जनरल स्मट्‌सनाच.

पंचवीस वर्षे गेली. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून निघून शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. पुढे १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवीत होते. मारलेल्या नव्हे, आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे तिथे कमावीत आणि त्याच्या चपला करीत. ज्या कामाच्या वासाने गाव नाक मुरडून वेशीबाहेर ठेवी, ते काम शिकायला उच्चवर्णीय पोरे तिथे येऊ लागली. 'पायातली वहाण' या म्हणीला याहून चोख जबाब कुठल्या व्याख्यानाने दिला नसता.

अशात १९३९ चा ऑक्टोबर आला. गांधीजींना सत्तर वर्षे पूर्ण होत होती, आणि डॉ. राधाकृष्णन यांनी जगभरच्या विचारवंतांचे लेख मागवून एक गौरवग्रंथ काढला. त्यात स्मट्‌सनेही लेख लिहिला. त्या जुन्या चपलांची आठवण काढून त्याने कबूल केले, की त्या आपण कितीतरी उन्हाळे वापरल्या, पण एवढ्या थोर माणसाच्या जोड्यात उभे राहण्याची आपली योग्यता नाही. 'टु स्टँड इन समवन्स शूज' हा इंग्रजीतला साधा, रोजचा वाक्प्रचार. एखाद्याच्या जागी असणे, त्याची जागा घेणे. लाखो लोक तो वापरतात, पण तो जोडा खरोखर पायांत घातलेला, आणि तोही आपल्याच कैद्याच्या हातचा, असा वापरणारा स्मट्‌स विरळाच.

गंमत अशी, की हे वाक्य मराठीत नीट आणताच येत नाही. थोराच्या वहाणेत उभे राहणे आपल्या कल्पनेतच बसत नाही. तो मान नव्हे, पाप ठरेल. भरताने रामाच्या पादुका नेल्या त्या डोक्यावर, ठेवल्या त्या सिंहासनावर, आणि स्वतः नंदिग्रामात राहून चौदा वर्षे कारभार केला. पाय घालून पाहण्याचा विचारही त्याला शिवला नाही. उलट एखाद्याचा धिक्कार करायचा तर आपण म्हणतो, 'त्याला मी वहाणेजवळ उभा करणार नाही.' म्हणजे जोड्याच्या आत, जोड्याजवळ आणि जोड्याखाली अशा तीन जागा दोन भाषांनी निरनिराळ्या वाटून घेतल्या आहेत. स्मट्‌सचे म्हणणे मराठीत सांगायचेच तर 'मी त्यांच्या पायाच्या धुळीचाही धनी नव्हे' असे काहीतरी म्हणावे लागेल. भाव पोचेल, पण चपला हरवतील. आणि चपला हरवल्या तर त्या वाक्यात उरले काय?

नालवाडीच्या आश्रमातूनच विनोबा १९३८ साली धाम नदीच्या काठी पवनारला राहायला गेले. १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. तीनशे मैलांचा पल्ला, आणि विनोबांनी तो पायी चालून जायचे ठरवले. संमेलनानंतर तेलंगणातून फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभ्या सभेत शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा पवनारहून पुन्हा निघाले, दिल्लीकडे, तेही पायीच. आणि चालतच राहिले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांच्या पायांशी आली. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादातली, काही कागदावरची. अनेक दानपत्रांचा पाय सरकारी दप्तरांत अडकला तो अडकलाच. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण पायाखालची जमीन सरकणे या धसक्याच्या वाक्प्रचाराचे एका माणसाने चालून चालून देण्याघेण्याचे काम करून टाकले, हेही तितकेच खरे. १९६४ साली ते पवनारला परतले, तेव्हा तेरा वर्षे होत आली होती.

त्यांच्या या चालण्यावर कवी टेनिसनच्या पणतवाने, हॅलम टेनिसनने, १९५५ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुस्तक आपुलकीने लिहिलेले आहे. नाव दिले आहे 'सेंट ऑन द मार्च'. मार्च म्हणजे पलटणीचे चालणे. एका तालात, बुटांच्या टाचा जमिनीवर आपटीत. १९३० ची आपली दांडीयात्रा त्यांच्या पुस्तकांत अशीच 'सॉल्ट मार्च' झाली. इंग्रजीला तिथे दुसरा शब्द सुचला नसावा. पवनारच्या माणसाला विचारले असते तर त्याने पदयात्रा म्हणून सांगितले असते.